वैमानिक-वैद्या वालेरी आंद्रे : एका चरित्राची चिकित्सा

१. आपल्या त्रैमासिकाच्या पानांत मोडी दफ्तरें, ताम्रपट, कैफियती आणि शकावल्या यांचा खल नित्य चालत असतो. त्या पंक्तीस एका फ्रेंच बाईचें, आणि तेंही हेलिकॉप्टर नामक यंत्र चालविणाऱ्या बाईचें, चरित्र आणून बसविणें कित्येक वाचकांस विजोड वाटेल. परंतु विषय परका असला तरी प्रश्न आपलाच आहे. ता. २१ जानेवारी २०२५ रोजीं वालेरी आंद्रे या वयाचीं १०२ वर्षें पुरीं करून निवर्तल्या. त्यानंतर जे मृत्युलेख निघाले, त्यांत ‘पहिली’ हें विशेषण इतक्या वेळां आलें आहे कीं, संशोधनाचा ज्यास थोडाबहुत संस्कार आहे त्यानें तेथें थबकलेंच पाहिजे. युद्धक्षेत्रांत हेलिकॉप्टर चालविणारी पहिली स्त्री, फ्रान्सच्या सैन्यांत जनरलच्या पदवीस चढलेली पहिली स्त्री, असे हे दावे आहेत. एखाद्या कुळवृत्तांतांत ‘आमचे मूळपुरुष थोरल्या महाराजांबरोबर आग्र्यास होते’ असें वाक्य आलें म्हणजे आपण जशी सनद मागतों, तशीच ती येथेंही मागितली पाहिजे. कीर्ति आणि पुरावा या दोन वस्तु भिन्न आहेत. कधीं त्या एकत्र नांदतात, कधीं नांदत नाहींत. आंद्रेबाईंच्या बाबतींत त्या कोठें जुळतात आणि ‘पहिली’ या शब्दाचें वजन नेमकें किती, हें पाहणें हा या लेखाचा हेतु आहे.

२. प्रथम साधनांचा विचार. बाईंनीं आपल्या आयुष्याविषयीं दोन पुस्तकें लिहिलीं. पहिलें इ. स. १९५४ त निघालें. त्याच्या फ्रेंच नांवाचा अर्थ ‘येथें पंखा बोलतो आहे’ असा होतो. आकाशांतून बिनतारी यंत्रावर बोलतांना ‘पंखा’ हेंच त्यांचें सांकेतिक नांव होतें. दुसरें पुस्तक इ. स. १९८८ सालचें, त्याचें नांव ‘मदाम ल जेनेराल’, म्हणजे जनरलबाई. पहिलें घटनांच्या पाठोपाठ, आठवण ओली असतां लिहिलेलें आहे. दुसरें वयाची पासष्टी गांठल्यावर मागें वळून पाहत लिहिलेलें आहे. आपल्याकडील परिभाषा वापरावयाची तर पहिलें अखबाराच्या जवळचें आणि दुसरें बखरीच्या जवळचें होय. बखर खोटीच असते असें नाहीं; परंतु ती शेवट ठाऊक असलेल्या माणसानें लिहिलेली असते, आणि शेवट ठाऊक असला कीं आरंभास निराळा रंग चढतो.

याखेरीज तिसऱ्या प्रकारचें साधन आहे, तें लष्करी कागदांचें. फ्रेंच सैन्यांत ‘क्रोआ द गेर’, म्हणजे युद्धस्वस्तिक, नांवाचें पदक आहे. एखाद्यानें विशेष कामगिरी केली असतां वरिष्ठ अधिकारी त्या कामगिरीचा लेखी उल्लेख करतो आणि त्या उल्लेखाच्या आधारें हें पदक दिलें जातें. बाईंच्या नांवें असे सात उल्लेख आहेत. असा उल्लेख म्हणजे भाटाचें कवन नव्हे. तो विशिष्ट प्रसंगापुरता, जबाबदार माणसाच्या सहीनें झालेला असतो. त्याला आपल्या इनामपत्राचा दर्जा द्यावयास हरकत नाहीं; मात्र इनामपत्राप्रमाणेंच तोही स्तुतीच्या ठराविक साच्यांत उतरलेला असतो, हें ध्यानांत ठेवावें.

३. वालेरी आंद्रे यांचा जन्म ता. २१ एप्रिल १९२२ रोजीं स्त्रासबूर येथें झाला. हें नगर आल्सास प्रांतांत ऱ्हाईन नदीच्या कांठीं आहे. सरहद्दीवरील किल्ला जसा या हातांतून त्या हातांत जातो, तशी या नगराची गत होती. इ. स. १८७१ पासून १९१८ पर्यंत तें जर्मनांकडे होतें, पुढें फ्रान्सकडे आलें, इ. स. १९४० त पुन्हां जर्मनांनीं घेतलें. आणि १९४४ च्या नोव्हेंबरांत परत फ्रान्सला मिळालें. अशा गांवीं वाढलेल्या मुलीस युद्ध ही पुस्तकांतली गोष्ट राहत नाहीं.

बाई दहा वर्षांच्या असतांना मारीझ इल्स ही फ्रेंच वैमानिका स्त्रासबूरला आली होती. तिनें त्याच्या थोडें आधीं पॅरिसहून सायगाव व परत असा प्रवास विमानानें एकटीनें केला होता. तिला पाहून या मुलीनें वैद्य व्हावयाचें आणि विमानही चालवावयाचें असे दोन निश्चय केले. ही हकीकत बाईंनीं स्वतःच सांगितलेली असून ती बखरीच्या वर्गांत मोडते. तथापि त्यानें ती असत्य ठरत नाहीं, कारण पुढील पन्नास वर्षांचें आचरण तिला साक्ष आहे.

इ. स. १९३९ त युद्ध पेटतांच स्त्रासबूरचें विद्यापीठ क्लेरमाँ-फेराँ या आंतल्या बाजूच्या नगरीं हलविण्यांत आलें. तेथें ता. २५ नोव्हेंबर १९४३ रोजीं जर्मनांनीं छापा घालून अनेक अध्यापक व विद्यार्थी धरून नेले. बाईंनीं आपला वैद्यकीचा अभ्यास पुढें पॅरिस येथें पुरा केला. त्यांचा प्रबंध इ. स. १९४८ त झाला. विषय हवाईछत्रीनें उडी घेणाऱ्या सैनिकांस होणाऱ्या इजा. येथें एक बारीक जुळणी लक्षांत घेण्याजोगी आहे. फ्रान्समध्यें स्त्रियांस मताचा हक्क देणारा हुकूम ता. २१ एप्रिल १९४४ चा आहे. त्या दिवशीं बाईंना बावीस वर्षें पुरीं झालीं होतीं. म्हणजे ज्या राज्यानें तिला नागरिक म्हणून मत देण्याचा हक्क नुकताच दिला, त्याच राज्याच्या सैन्यांत चारपांच वर्षांच्या आंत ती कॅप्टनच्या दर्जाची वैद्या म्हणून दाखल झाली.

४. आतां यंत्राविषयीं. ‘हेलिकॉप्टर’ हा शब्द आपण बोलण्यांत ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ असा तोडतों. पण व्युत्पत्तीच्या दृष्टीनें ही फोड अशुद्ध आहे. मूळ फ्रेंच शब्द इ. स. १८६१ त पाँताँ दामेकूर या गृहस्थानें बनविला. ग्रीक ‘हेलिक्स’ म्हणजे आवर्त किंवा मळसूत्र. ‘प्तेरोन’ म्हणजे पंख. हा ‘प्तेरोन’ शब्द संस्कृत ‘पत्’ धातूचा, म्हणजे ‘पतत्र’ व ‘पत्र’ या शब्दांचा, सगोत्र आहे. ‘आवर्तपक्ष’ असा प्रतिशब्द कोणी केल्यास तो अर्थास धरून होईल. बाईंचें ‘पंखा’ हें सांकेतिक नांव या दृष्टीनें मोठें समर्पक आहे. मराठींत पंख आणि पंखा हे एकाच घरचे शब्द आहेत, हें सांगावयास नकोच.

रणांगणावरील जखमींस त्वरेनें हलविण्याची कल्पना मात्र यंत्राहून पुष्कळ जुनी. नेपोलियनचा शस्त्रवैद्य दोमिनिक लारे यानें इ. स. १७९२ च्या सुमारास हलक्या, जलद घोडागाड्यांची योजना केली आणि तिला ‘उडती रुग्णशाळा’ असें नांव दिलें. नांवांतलें उडणें खरें व्हावयास दीडशें वर्षें लागलीं. इ. स. १९४४ च्या एप्रिलांत ब्रह्मदेशच्या रानांत जपानी फौजांच्या पिछाडीस एक वैमानिक व तीन जखमी ब्रिटिश सैनिक अडकले असतांना कार्टर हार्मन या अमेरिकन अधिकाऱ्यानें हेलिकॉप्टरानें त्यांची सुटका केली. युद्धांत असें घडल्याचा हा पहिला ठळक दाखला होय. हार्मनच्या पथकाचा तळ आपल्याच आसामांत काचारजवळ लालाघाट येथें होता. उष्ण हवेंत त्याचें यंत्र एका खेपेस एकच माणूस उचलूं शके, म्हणून त्याला पुनःपुन्हां खेपा कराव्या लागल्या.

उष्णतेचा हा मुद्दा पुढील कथेस आवश्यक असल्यानें थोडा स्पष्ट करतों. हेलिकॉप्टराचीं पातीं हवेस खालीं लोटतात आणि त्या जोरावर यंत्र उचललें जातें. हवा तापली व दमट झाली कीं विरळ होते. विरळ हवेंत पात्यांस पकड कमी मिळते. आणि इंजिनाची शक्तिही उतरते. म्हणून जें यंत्र थंड देशांत तीन माणसें सुखानें उचलतें, तेंच उष्ण प्रदेशांत दोघांस उचलतांना धापा टाकतें. अशा वेळीं शेरअच्छेराचा हिशेब करावा लागतो.

५. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सनें इंडोचायनावरील आपलें राज्य पुन्हां बसविण्यासाठीं जें युद्ध चालविलें, त्यास वैद्यांची निकड होती. बाई त्या हांकेस ओ देऊन तिकडे गेल्या. प्रथम मी-थो येथील रुग्णालयांत आणि पुढें सायगाव येथें त्यांनीं शस्त्रवैद्याचें काम केलें. मेंदूच्या जखमांवरील शस्त्रक्रियांत त्या सहायक होत्या. प्रबंधाचा विषय त्यांनीं अंगावर घेऊनही दाखविला. जेथें दुसऱ्या मार्गानें पोंचणें अशक्य, अशा ठाण्यांवरील जखमींकडे जाण्यासाठीं त्यांनीं दोन वेळां हवाईछत्रीनें उडी घेतली.

इ. स. १९५० त सायगावास दोन हिलर जातीचीं हेलिकॉप्टरें येऊन पोंचलीं. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत आलेक्सी सांतिनी या वैमानिकानें त्यांतील एकाच्या साह्यानें जखमींस प्रथम बाहेर काढलें. ब्रिटिशांनीं मलायांत आणि अमेरिकनांनीं कोरियांत हाच प्रयोग त्याच साली सुरू केला, हें येथें नमूद करणें अवश्य आहे. म्हणजे ही कल्पना एका व्यक्तीची किंवा एका राष्ट्राची नसून, यंत्र त्या योग्यतेस येतांच तीन ठिकाणीं एकदम फळास आली.

बाईंनीं तें यंत्र पाहिलें आणि तें शिकण्याची मागणी केली. यामागील तर्क साधा होता. हिलरच्या आंत जागा थोडी. जखमींस बाहेरच्या बाजूंस लावलेल्या झांकणाच्या पेटाऱ्यांत निजवावयाचें; दोन बाजूंस दोन पेटारे, म्हणून एका खेपेस जखमी दोन. चालक आणि दोन जखमी यांचा भार झाल्यावर सोबत वैद्य न्यावयास शक्तिच उरत नसे. म्हणजे एकतर वैद्याविना जावें, नाहींतर एक जखमी मागें ठेवावा. चालक स्वतःच वैद्य असेल तर हा पेंच सुटतो. त्यांतही चालकाचें वजन जितकें कमी तितकें यंत्रास हायसें. बाईंचें वजन पंचेचाळीस किलोंच्या आसपास होतें. ज्या नाजूकपणास सैन्यांत उणीव म्हणून बोट दाखविलें गेलें असतें, तोच येथें गुण ठरला. फ्रान्सला जाऊन त्यांनीं हेलिकॉप्टर चालविण्याचें शिक्षण घेतलें व त्या परत आल्या. सांतिनी यांच्याशीं त्यांचा विवाह पुढें इ. स. १९६३ त झाला.

६. बाईंच्या चरित्रांतला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग तु-वू येथील होय. हें ठाणें टोंकिन प्रांतांत काळ्या नदीच्या कांठीं, होआ-बिन्हच्या मोहिमेच्या टापूंत होतें. ता. १० डिसेंबर १९५१ च्या रात्रीं व्हिएतमिन्ह सैन्यानें त्यावर मोठा हल्ला चढविला. ठाण्यांत मोरोक्कोचे शिपाई होते. हल्ल्यांत ठाणें पडलें आणि जखमी पुष्कळ झाले. जवळपास हेलिकॉप्टर नव्हतें. होतें तें दूर दक्षिणेस सायगावीं. तें सुटें करून मोठ्या मालवाहू विमानांत घालून हनोईस आणलें, तेथें जोडलें, आणि बाई तें घेऊन निघाल्या. धुकें दाट होतें आणि खालून गोळ्या येत होत्या. उतरल्यावर त्यांनीं प्रथम जखमींची वर्गवारी केली. ज्यांस थांबवेना त्यांच्यावर तेथेंच शस्त्र चालविलें. आणि मग दोघां-दोघांस हनोईच्या रुग्णालयांत पोंचविलें.

या हकीकतीची कसोटी कशी लावावी? आपल्याकडे एखाद्या पत्रांतील तिथि तपासावयाची तर आपण त्या दिवसाचें दुसऱ्या स्थळींचें पत्र पाहतों. येथेंही तसेंच करतां येतें. तु-वूचा हल्ला हा होआ-बिन्हच्या लढाईच्या स्वतंत्र लष्करी इतिहासांतून सिद्ध आहे. त्या इतिहासकारांस बाईंच्या कीर्तीशीं कर्तव्य नव्हतें. त्या लढाईची तिथि आणि बाईंच्या कामगिरीस दिली जाणारी तिथि यांचा मेळ बसतो. दोन ओळखी नसलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील तर ती मानावी, हा आपला नियम येथें समाधानकारक उतरतो.

प्रसंगाचा एक अंश मात्र मृत्युलेखांत झांकोळून जातो. प्रथम वर्गवारी, मग शस्त्र, मग उड्डाण, असा त्या दिवसाचा क्रम आहे. वर्गवारी म्हणजे काय? दहा माणसें कण्हत पडलीं असतां आधीं कोणास न्यावयाचें आणि कोणास मागें ठेवावयाचें हें ठरविणें. पेटारे दोनच. ज्याला तिसरा क्रमांक मिळाला त्याच्या डोळ्यांस डोळा देऊन पुन्हां यंत्रांत चढावें लागतें. गोळ्यांतून उडण्याच्या धैर्याची वाखाणणी सर्वच करतात. या दुसऱ्या धैर्यासाठीं पदक नाहीं. आमच्या मतें आंद्रेबाईंचें वैशिष्ट्य या ठिकाणीं आहे. इतर चालकांस हा निर्णय दुसऱ्या कोणाकडून तयार मिळत असे. बाईंना तो स्वतः करून स्वतःच पार पाडावा लागे.

७. आतां संख्येचा पडताळा. इंडोचायनांतील त्यांच्या हेलिकॉप्टराच्या कामगिऱ्या १२९ आणि त्यांनीं बाहेर काढलेले जखमी १६५, असे आंकडे सर्वत्र दिले जातात. जुन्या कागदांतील फौजेचे आंकडे आपण कसे पाहतों हें वाचकांस ठाऊक आहे; ‘लाख फौज’ म्हटल्यावर आपण चंदीचा व दाण्याचा हिशेब विचारतों. येथें यंत्राचे पेटारे हाच आपला दाण्याचा हिशेब. प्रत्येक खेपेस दोन या मानानें १२९ खेपांत फार तर २५८ जखमी येतील. सांगितलेला आंकडा १६५ आहे. म्हणजे कामगिरीमागें सरासरी सव्वा माणसाहून किंचित् अधिक. कधीं एक, कधीं दोन, कधीं हवेमुळें रिकामें परतणें, हें सर्व धरलें तर हा आंकडा यंत्राच्या ताकदीशीं व उष्ण हवेच्या नियमाशीं बरोबर जुळतो. कोणी भक्तानें फुगविलेला आंकडा असता तर तो तीनचारशेंच्या घरांत गेला असता. येथें आंकड्याचा लहानपणाच त्याच्या खरेपणाची ग्वाही देतो. आणि एकेका माणसाच्या हिशेबानें पाहिलें तर १६५ ही संख्या लहान नव्हे.

८. इ. स. १९५३ त त्या इंडोचायनांतून परतल्या; पुढल्याच वर्षीं द्येन-ब्येन-फू पडून तेथील फ्रेंच सत्ता संपली. कांहीं काळ ब्रेतिन्यी येथील विमान-परीक्षण केंद्रांत वैद्य म्हणून काम केल्यावर त्या अल्जीरियाच्या युद्धांत गेल्या. तेथें त्यांच्या नांवें ३६५ युद्धकामगिऱ्या आहेत. पूर्वींच्या १२९ त त्या मिळविल्या असतां बेरीज ४९४ होते. उड्डाणाचे एकंदर तास ३२०० च्या सुमारास भरतात.

पदवीचा चढ असा : इ. स. १९६५ त लेफ्टनंट-कर्नल, १९७० त कर्नल, आणि १९७६ त जनरल. फ्रान्सच्या सैन्याच्या इतिहासांत जनरलची पदवी मिळविणारी ही पहिली स्त्री. हा दावा पदोन्नतीच्या सरकारी कागदावर उभा आहे आणि त्याला कोणी प्रतिस्पर्धी नाहीं. म्हणून तो निःशंक मान्य करावा. सेवेंतून निवृत्त होण्याच्या सुमारास, इ. स. १९८१ नजीक, सैन्यांतील स्त्रियांच्या भवितव्याचा विचार करणाऱ्या समितीचें काम त्यांनीं पाहिलें. इ. स. १९८३ त स्थापन झालेल्या फ्रान्सच्या वायु व अवकाश अकादमीच्या त्या संस्थापक सभासद होत्या. लेजिओं दॉनरचा सर्वोच्च वर्ग त्यांना १९९९ त मिळाला.

९. दुसरा दावा ‘पहिली हेलिकॉप्टर-चालिका’ असा कधीं कधीं मोघम केला जातो. तो मात्र दुरुस्त करावयास हवा. हेलिकॉप्टर चालविणारी जगांतली पहिली स्त्री हाना राइट्श ही जर्मन वैमानिका होय. तिनें इ. स. १९३७ त फोके-वुल्फ ६१ हें यंत्र चालविलें आणि फेब्रुवारी १९३८ त बर्लिनच्या एका भव्य बंदिस्त सभागृहांत प्रेक्षकांसमोर उडवून दाखविलें. परंतु ती सैन्याची अधिकारी नव्हती, आणि तें उड्डाण रणांगणावरचें नव्हतें. म्हणून ‘यंत्र चालविणारी पहिली’ हा मान राइट्शचा आणि ‘युद्धक्षेत्रांत सैनिकी अधिकारी या नात्यानें चालविणारी पहिली’ हा मान आंद्रे यांचा, अशी वांटणी केली म्हणजे दोघींसही न्याय होतो. विशेषणें काटेकोर ठेवलीं तर भांडणें आपोआप मिटतात, हा धडा आपल्या क्षेत्रांतही उपयोगी आहे.

या संबंधांत आपल्या देशाशीं एक खरा धागा जुळतो. अल्जीरियाच्या युद्धांत फ्रेंच सैन्यानें जीं हेलिकॉप्टरें वापरलीं त्यांत ‘आलुएत’ हें एक होतें. त्याच कुळांतून, हिमालयाच्या उंचीवर उडूं शकेल असें यंत्र पाहिजे या भारतीय सैन्याच्या गरजेवरून, ‘लामा’ हें यंत्र निपजलें, आणि तें आपल्याकडे परवान्यानें बनून ‘चीता’ या नांवानें रूढ झालें. इ. स. १९९९ च्या कारगिल युद्धांत गुंजन सक्सेना व श्रीविद्या राजन या वायुदलाच्या दोन स्त्री-अधिकाऱ्यांनीं हेंच चीता चालविलें. जखमींस हलविणें हा त्या कामाचा एक भाग होता. तेथें अडचण उष्णतेची नसून उंचीची होती. पण विरळ हवा आणि वजनाचा हिशेब हा पेंच तोच. तसेंच सैनिकी वैद्यकाच्या वाटेनें सर्वोच्च पदाकडे जाण्याचा मार्गही आपल्याकडे दिसतो. पुनीता अरोरा या लेफ्टनंट-जनरलच्या पदवीस पोंचलेल्या पहिल्या भारतीय स्त्री, त्यांनीं इ. स. २००४ त पुणें येथील सशस्त्रदल वैद्यकीय महाविद्यालयाचीं सूत्रें हातीं घेतलीं. फ्रान्स आणि भारत या दोन्ही देशांत सेनेच्या वरच्या पायऱ्यांचा दरवाजा स्त्रीस प्रथम वैद्यकानें उघडून दिला, हा योगायोग नव्हे. जखमी माणूस वैद्याची जात किंवा लिंग विचारीत नाहीं; आणि जी गोष्ट जखमीनें विचारली नाहीं ती सरकारास फार दिवस विचारीत राहतां येत नाहीं.

१०. एक प्रश्न टाळून हा लेख पुरा करणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्या युद्धांत या बाईंनीं कीर्ति मिळविली तीं दोन्ही युद्धें परक्या लोकांवर राज्य राखण्यासाठीं चाललेलीं होतीं. व्हिएतनामचे लोक आणि अल्जीरियाचे लोक यांस जें पाहिजे होतें तेंच आपल्यास इ. स. १९४७ पर्यंत पाहिजे होतें. मग भारतीय लेखकानें या चरित्राचें कौतुक कोणत्या तोंडानें करावें? अल्जीरियांत तर जखमींस उचलणारें हें यंत्रच पुढें सैनिक उतरविण्याचें व तोफ वाहण्याचें शस्त्र बनलें.

आम्हांस असें वाटतें कीं, येथें दोन खातीं वेगळीं लिहावींत. युद्धाच्या हेतूचें खातें फ्रेंच राज्यकर्त्यांच्या नांवें पडावें, आणि त्यांत सूट नको. पेटाऱ्यांत निजविलेल्या १६५ माणसांचें खातें बाईंच्या नांवें पडावें, आणि त्यांतही काट नको. त्या माणसांत तु-वूचे मोरोक्कन शिपाई होते. तेही बिचारे परक्याच्या राज्यासाठीं परक्या देशांत लढत होते, जसे आपले शिपाई मेसोपोटेमियांत लढले. स्त्रासबूरची स्त्री, मोरोक्कोचा शिपाई आणि टोंकिनची नदी, असा तो त्रिवेणी संगम साम्राज्यानेंच घडविला होता. पण तेथें मरणाऱ्याला वांचविणें हें साम्राज्याचें काम नव्हतें, वैद्याचें होतें. बाईंचें आयुष्य या दोहोंमध्यें सांपडलेलें आहे, आणि तें तसें सांपडलेलें दाखविणें हेंच इतिहासाचें कर्तव्य. एक खातें दुसऱ्यांत वळतें केलें कीं इतिहास संपतो आणि स्तोत्र किंवा शिवी सुरू होते.

११. सारांश असा कीं, जनरलपदाचा दावा सिद्ध. युद्धक्षेत्रांतील चालिकेचा दावा विशेषण नीट लावल्यास सिद्ध. तु-वूचा प्रसंग स्वतंत्र साक्षीनें पुष्ट. आणि आंकडे यंत्राच्या मर्यादेशीं सुसंगत.

शेवटीं संग्राहक वाचकांस एक विनंति. आंद्रेबाईंचें चरित्र आज तपासतां येतें, याचें कारण त्यांनीं वेळेवर लिहून ठेवलें आणि सैन्यानें उल्लेखपत्रें जपलीं. आपल्याकडील घरांत काय होतें? कांहीं वर्षांपूर्वीं एका गांवीं जुनें दफ्तर पाहावयास गेलों होतों. पुरुषांचे जमाखर्च लाल रुमालांत बांधून देव्हाऱ्याशेजारीं ठेवले होते. त्याच घरांतील एक आजी पन्नास वर्षें परिचारिकेचें काम करीत असे. तिनें प्रत्येक बाळंतपणाची तारीख, घराण्याचें नांव आणि आई-मुलाची अवस्था एका वहींत टिपलेली होती. ती वही चुलीपाशीं विस्तव पेटवावयास ठेवलेली आम्हीं पाहिली. पानें अर्धींच उरलीं होतीं. उरलेलीं मागून आणलीं. त्यांत एका पानावर तिनें लिहिलें आहे कीं, रात्रीं पुराच्या पाण्यांतून जावें लागलें, मूल वांचलें, आई वांचली नाहीं. खालीं तारीख आहे आणि सही आहे.

तिच्या नांवें पदक नाहीं आणि पुस्तक नाहीं. कागद होता, तो आपण जाळीत होतों. म्हणून यापुढें कोणाच्याही दफ्तराची पाहणी करतांना सनदा, फर्मानें मागून झाल्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा : घरांतील बायकांच्या हातचें कांहीं लिहिलेलें आहे काय? सुईणीची वही, परिचारिकेची नोंद, शिक्षिकेचें हजेरीपुस्तक, जें असेल तें उचलून आणावें. कोण पहिली आणि कोण दुसरी हें मग सावकाश ठरवितां येईल.